कोरड्या तलावातली बैठक

तेलगावजवळच्या आमच्या सहकारी संस्थेत हलक्या लाकडाच्या खेळण्यातल्या विमानांचे संच बनायचे. इंजिन नाही, जोडून हातानं फेकलं की विमान तरंगत जायचं. कोणते संच चालू ठेवायचे हे बैठकीत ठरायचं, म्हणजे चेअरमनसाहेबांचा हात वर गेला की सगळ्यांचे जायचे. त्यामुळं एकही संच कधी बंद झाला नाही. साहेबांनी स्वतः आखलेलं मोठं विमान तर दगडासारखं पडायचं, तरी सर्वानुमते मंजूर!

दुष्काळात गावचा तलाव आटून मोकळं मैदान झालं, तेव्हा मी एका बैठकीत भडकलोच. "नुसते हात काहून वर करता? तलावात चला, उडवून बघू."

सगळे उतरले. बाकीची विमानं झकास तरंगली, साहेबांचं नाकावर आपटलं. सगळे साहेबांकडं बघायला लागले. मग साहेबच खो खो हसले, "बंद करा बे हे, लई जड हाय!" लगेच सगळे हात वर.

पुढच्या पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. आम्ही पेढे वाटले. विमानं उडवायला मात्र जागा उरली नाही. साहेबांनी बंद केलेल्या विमानाहून मोठं विमान आखून आणलं. मीही हात वर केला. तलाव भरलेला असताना एक जड विमान परवडत होतं.