माळ्यावरची बार्बेरा

मला वाइनमधलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ग्लासात नाक खुपसून ‘यात चेरी आहे, ओल्या लाकडाचा वास आहे’ असं सांगणारी माणसं मला थापाडी वाटतात. मला एवढंच कळतं की अख्ख्या मसुराच्या आमटीबरोबर स्वस्तातली इटालियन लाल वाइन फार चांगली लागते. हे ज्ञान घेऊन मी गेली चौदा वर्षं सौदीत, हुफूफजवळच्या एका गॅस प्लांटवर काढली. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात. माझं उलटं झालं. नुसते दात घेऊन बसलो.

हे दात मला इटलीत फुटले. मुलगी चार वर्षांची असताना तेव्हाच्या भारतातल्या कंपनीने मला सहा महिन्यांसाठी तिकडच्या एका लहान गावात पाठवलं होतं. आमच्या प्लांटसाठी कॉम्प्रेसर बनत होता आणि तो नीट बनतोय की नाही हे बघत उभं राहायचं, एवढंच माझं काम. बायको आणि मुलगी बरोबर आल्या. एका विधवा म्हातारीच्या घरात वरचा मजला भाड्याने मिळाला. तिला इंग्रजी शून्य, आम्हाला इटालियन शून्य, त्यामुळे भांडण कधी झालं नाही.

कोपऱ्यावर एक दुकान होतं. लहानपणी आम्ही घाण्यावर किटली घेऊन तेल आणायला जायचो, तशी तिथे माणसं रिकाम्या बाटल्या घेऊन यायची आणि पिंपाच्या तोटीतून वाइन भरून न्यायची. बार्बेरा नावाच्या द्राक्षाची, गडद लाल, जराशी आंबट. किंमत इतकी कमी की पहिल्या दिवशी मी दुकानदाराला दोनदा विचारलं. म्हातारी एकदा आमच्याकडे मसुराची आमटी खायला वर आली ती असली एक बाटली घेऊनच, आणि आमच्या पाण्याच्या ग्लासांत तिने ती ओतूनही टाकली.

बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच सुपारी दिली होती. तिच्या माहेरी दारू म्हणजे खिडक्या लावून, शेंगदाणे घेऊन, बायकांना आत पाठवून करायची गोष्ट. इथे ती मिठाच्या बरणीसारखी ताटाशेजारी उभी. म्हातारी एक घोट घेई, एक घास खाई, मुलीच्या ताटातला भात कालवून देई. दोन आठवड्यांनी बायको स्वतःच म्हणाली, “आमटी आंबटगोड झालीय, त्यांच्याकडची ती घेऊन या बरं अर्धी बाटली.”

त्या म्हातारीच्या दोन गोष्टी लक्षात आहेत. एकदा मी एक बरी बाटली शेवटच्या दिवसासाठी म्हणून कपाटात ठेवली, तर ती रागावली. बाटली काढून तिने तिथल्या तिथे उघडली आणि टेबलावर बोट आपटत म्हणाली, “ओज्जी! ओज्जी!” म्हणजे आज. दुसरी गोष्ट, मुलीने एकदा ग्लासाला हात घातला तेव्हा तिने तो काढून घेतला. हात डोक्याइतका उंच करून दाखवला, म्हणजे एवढी मोठी झालीस की, आणि मग माझ्याकडे बोट दाखवून ओतल्याची खूण केली. मुलीचा पहिला ग्लास बापाने ओतायचा. मी मान डोलावली. आयुष्यात मी फार वचनं दिलेली नाहीत, त्यांतलं हे एक.

पुढे सौदीतली नोकरी आली. मुलगी बारावी होईपर्यंत आम्ही तिघं हुफूफमध्येच होतो. शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर मसूर आणि ग्लासांत डाळिंबाचा रस. मुलगी भारतीय शाळेत जायची, मी मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायची, पण आमटी ओरपताना सगळ्यांची भाषा एकच असते. मग तिच्या कॉलेजसाठी दोघी नाशिकला गेल्या आणि कंपनीने माझं घर काढून घेऊन मला बॅचलर क्वार्टरमध्ये टाकलं. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी पुन्हा बॅचलर झालो. दाराला लागून पलंग, पलंगाला लागून फ्रिज.

शुक्रवारचं जेवण तेवढं आम्ही सोडलं नाही. माझ्याकडे संध्याकाळचे सहा म्हणजे नाशिकला साडेआठ. त्या फोन भांड्याला टेकवून उभा करत, मी माझा साखरेच्या डब्याला टेकवत असे. त्यांच्या ताटात काय आहे ते मला दिसे, माझ्या ताटात काय आहे ते मी शक्यतो दाखवत नसे. स्टीलच्या पेल्यात डाळिंबाचा रस घेऊन बसायचो. इकडे खोलीत गुपचूप काही मुरवत ठेवणारी मंडळी असतात असं कानावर येई, पण मी भित्रा माणूस. इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, डाग नको आणि ज्याचं मीठ खातो त्याचा कायदाही मोडायला नको. “मेसचं जेवण कसं आहे?” बायको विचारायची. “छान आहे,” मी म्हणायचो. “तुमचं कसं चाललंय?” “छान.” चार वर्षं सगळं छान चाललं होतं.

सुट्टीला मी मुद्दाम बहारीनमार्गे जायचो. तिथल्या विमानतळावर सगळ्यात खालच्या फळीवरच्या दोन इटालियन लाल बाटल्या घ्यायच्या, तेवढ्याच नेता येतात. एक पोचल्या दिवशी उघडायची. दुसरी एकदा मी उघडली नाही. बार्बेरा होती. मुलगी अठराची झाली होती. कायदा म्हणतो एकवीस, तर एकविसाव्या वाढदिवसाला ही उघडू असं मी जाहीर केलं. माझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून बाटली स्वयंपाकघराच्या माळ्यावर उभी करून ठेवली आणि ताकीद दिली, “मी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. पहिला ग्लास मी ओतणार.”

आखातात राहणाऱ्या माणसाचा हा आजारच आहे. तो घरी वस्तू पाठवतो आणि घरचे त्या जपून ठेवतात. अत्तरं उडून जातात, केशराची डबी पाहुण्यांची वाट बघते, बदामांना कीड लागते. सगळं ‘ते आल्यावर’. तो दोन वर्षांनी येतो, तेव्हा त्याचं पोट बिघडलेलं असतं.

शेजारच्या खोलीत दापोलीकडचा एक फोरमन राहायचा. वेल्डिंगमध्ये देवमाणूस, बोलण्यात तिखट. शुक्रवारी माझ्या दारावरून जाताना आत डोकावायचा. “काय सायेब, आज पन डाळिंबच?” मी त्याला बाटलीची गोष्ट सांगितली होती. तो पाच वेळा नमाज पढणारा, त्याला वाइनशी काय घेणं, पण वचनाचं त्याला पटलं. “जावा मग येळेवर. हितं राहून फोनवर इश्वास ठेवू नका. माजी आई गेली नि मला तिसऱ्या दिवशी कळवलं. दोन दिवस फोनवर सांगत होते, झोपलीय, बरी आहे. फोनवर सगळं बरंच असतंय.” हे सांगताना तो हसत होता, म्हणून मीही हसलो. नंतर हसल्याची लाज वाटली.

वाढदिवसाच्या आधी सहा महिने मी रजेचा अर्ज दिला. मंजूर झाला. तिकीट काढलं. आणि तीन आठवडे आधी प्लांटचं शटडाउन, म्हणजे प्लांट थांबवून करायची मोठी दुरुस्ती, अलीकडे ओढलं गेलं, सगळ्यांच्या रजा रद्द झाल्या. मी साहेबाकडे गेलो, मुलीचा वाढदिवस म्हणालो. तो सज्जन माणूस, त्याचीही मुलगी दूर त्याच्या देशात होती. त्याने माझ्यासमोर त्याचीच रद्द झालेली तिकिटं ठेवली. मी उठून आलो. भांडायला तरी कुणी मिळायला हवं होतं.

वाढदिवस नेमका शुक्रवारी आला. सहा वाजता मी शर्ट बदलून फोनसमोर बसलो. नाशिकला काळ्या मसाल्याचं मटण आणि माझ्या आग्रहाखातर एका वाटीत मसूर. बायको म्हणाली, “राहू द्या ना, तुम्ही आल्यावर उघडू.” मी म्हणालो, “नको. आजच उघडा.” उदार झाल्याचं समाधान मला वाटत होतं, ते आता आठवलं की राग येतो. बायकोने स्वेटर सोडला, बूच काढलं, अर्धं तुटून आत पडलं. तिने गाळण्यातून वाइन दोन ग्लासांत ओतली. म्हणजे ओतली तिने. मी तो क्षण साखरेच्या डब्यासमोर बसून पाहिला. मुलीने ग्लास ओठाला लावला.

“कशी आहे?”

तिने ग्लास खाली ठेवला. “छान आहे, बाबा. खूपच छान.”

“रंग कसा आहे?”

“मस्त,” बायको म्हणाली. “एकदम मस्त.”

मी माझा पेला कॅमेऱ्याला टेकवला. फोन बंद झाल्यावर खोलीत फ्रिजची घरघर ऐकत बसलो आणि रडलो. तिने पहिला ग्लास घेतला आणि मी तिथे नव्हतो. हे आता परत कधी होणार नव्हतं. पण वाइन चांगली निघाली, माझी निवड चुकली नाही, याचंही एक वेडं समाधान होतं. पुढचे पाच महिने मी त्या समाधानावर काढले.

मग रजा मिळाली. बहारीनच्या विमानतळावर खालच्या फळीवरून दोन बाटल्या घेतल्या आणि मंगळवारी दुपारी घरी पोचलो. मुलगी कॉलेजात होती. बायकोने जेवायला वाढलं. मसुराची आमटी, भात आणि काकडीची फार सुरेख आंबट कोशिंबीर.

“यात काय घातलंयस?”

“व्हिनेगर,” ती म्हणाली आणि दुसरीकडे पाहू लागली.

सिंकखाली हात धुवायचा साबण शोधताना मला ती दिसली. माझी बार्बेरा. अर्धी भरलेली, तोंडाला फडकं बांधलेलं, आणि लेबलावर चिकटपट्टी लावून बायकोच्या अक्षरात लिहिलेलं: व्हिनेगर. कोशिंबिरीसाठी.

मी चूल आणि गच्चीचा स्लॅब यांच्यामधल्या माळ्याकडे पाहिलं. नाशिकचे तीन उन्हाळे. तापमान मोजून पोट भरणाऱ्या माणसाने, लगेच पिण्यासाठी बनवलेली स्वस्त वाइन तिथे उभी ठेवली होती, बूच वाळेपर्यंत. म्हातारीने टेबलावर बोट आपटून मला जे सांगितलं होतं, त्याच्या बरोबर उलट मी केलं होतं. पण मला बोचलं ते वेगळंच. फोनवर दोघींनी माझ्या तोंडावर ‘छान’ म्हटलं होतं, आणि मला कळलं नव्हतं. चार वर्षांतले बाकीचे ‘छान’ मी मनात एकेक करून उलटून पाहू लागलो. मुलीची परीक्षा छान. बायकोची पाठ छान. फोरमनची झोपलेली आई आठवली.

“खोटं का बोललात?” मी विचारलं. आवाज चढला होता.

“तुम्ही शर्ट बदलून बसला होतात,” बायको म्हणाली. “कसं सांगणार?”

संध्याकाळी मुलगी आली. तिने बाटली ओट्यावर पाहिली आणि आईकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली. “बाबा, मी प्यायलेच नाही. नुसते ओठ लावले. वासानेच डोळ्यांत पाणी आलं. तू फोन ठेवल्यावर ओतून दिलं. आणि नंतरही कुठे घेतली नाही. मैत्रिणींनी आग्रह केला होता. म्हटलं, पहिला ग्लास बाकी आहे.”

हे सगळं ती मराठीत बोलली. मी उठलो आणि बॅगेतून नवी बाटली काढली. बायको म्हणाली, “अहो, आज मंगळवार, काही विशेष नाही, घरात नुसता दुपारचा मसूर आहे.” मी बूच काढलं. या वेळी अख्खं निघालं. पाण्याचा ग्लास घेतला आणि मुलीसाठी ओतली. थोडी टेबलावर सांडली.

तिने घोट घेतला. मी म्हणालो, “खरं सांग.”

“आंबट आहे,” ती म्हणाली. “आणि जरा कडू. मला नाही आवडली.”

मला इतका आनंद झाला की मी हसायलाच लागलो. चार वर्षांत या घरातून माझ्यापर्यंत आलेलं ते पहिलं खरं वाक्य होतं. तिने आमटीचा एक घास खाल्ला, पुन्हा एक घोट घेतला, भुवई जराशी वर केली, पण मत काही बदललं नाही. मग ग्लास खाली ठेवून माझ्याकडे वळली.

“आता तू सांग. खरं. तिकडे कसं असतं?”

बायकोने डाव हातात तसाच धरला. ‘छान’ अगदी ओठांवर आलं होतं.

“एकटं असतं ग,” मी म्हणालो. “फार एकटं असतं.”