फरशीची पलीकडची कड

दसरा झाला की परभणीतल्या आमच्या अंगणात गवत गुडघ्याला लागतं. गेल्या साली ते मीच काढलं आणि फरशीखालच्या विंचवामुळं दोन दिवस हात धरून विव्हळत बसलो. म्हणून यंदा कामाला बाई बोलावली. पन्नाशीची, किडकिडीत, पदर घट्ट खोचलेला, हातात लोखंडी टोकाची लांब आकडी. आधी तिनं आकडीची काठी अंगणभर आपटली. मला वाटलं, उगीच वेळ काढायलीय.

गेल्या सालच्या विंचवाचं मी तिला सांगितलं होतंच; शहाबादी फरशांच्या ढिगापाशी ती थांबली. "भाऊ, गेल्या साली फरशी कशी उचलली होती?"

मी अलीकडच्या कडेखाली बोटं घालायचा नुसता आविर्भाव केला. ती खळखळून हसली. "मंग त्यो इच्चू तुमच्याच अंगावर येनार की!"

तिनं आकडीचं टोक पलीकडच्या कडेत अडकवून फरशी स्वतःकडं कलती केली. फरशी आडोशासारखी उभी राहिली आणि विंचू पलीकडच्या मोकळ्या प्लॉटकडं पळाला.

"त्याला बी वाट पायजे ना. आजवर मी एक इच्चू मारला न्हाई, अन् मला एक बी चावला न्हाई."

शेवटच्या फरशीला तिनं आकडी माझ्या हातात दिली. मी टोक पलीकडच्या कडेत अडकवून ओढलं आणि फरशी माझ्याकडं कलली. काळाभोर विंचू नांगी उगारून पलीकडं पळाला. मी एवढ्यानं ओरडलो की शेजारी गच्चीवर धावले. "काय झालं? चावला का?"

"चावतोय कशाचा!" पदरानं घाम पुसत ती ऐटीत म्हणाली. "भाऊ जिकलेत!"