माझं कोपऱ्यातलं टेबल

मिशिगनमधल्या नोव्हाय गावातलं ते रशियन रेस्टॉरंट मला आवडायचं, कारण तिथे माझ्याशी कुणी बोलत नसे. नाणी टाकून कपडे धुण्याच्या लाँड्रोमॅटशेजारची अरुंद जागा, आवाज बंद केलेला टीव्ही आणि मला कधी साधं हॅलोही न म्हणणाऱ्या मालकीणबाई. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले की त्या बटाट्याचे वारेनिकी, म्हणजे करंजीच्या आकाराचे उकडलेले मोदकच म्हणा ना, आणून ठेवत आणि निघून जात. आठवडाभर ऑफिसात आणि वीकेंडला मराठी मंडळात तोंड हसरं ठेवल्यावर मला एवढंच हवं असायचं.

आईनं हे फोनवर तिच्या इथल्या मैत्रिणीला सांगून टाकलं. या काकू माझ्या जन्माआधीपासून अमेरिकेत आहेत, आणि आपल्याला न दाखवता कुणी काही खावं हे त्यांना पटत नाही. पुढच्याच शुक्रवारी काका-काकू मला जेवायला घेऊन गेले. माझ्याच जागी.

काका कधीकाळी मॉस्कोच्या विमानतळावर अडकले होते. तेवढ्या भांडवलावर ते मला रशियन माणसाचा स्वभाव समजावत होते. काकूंनी मेनू न उघडताच मालकीणबाईंना हाताने बोलावलं. बीटाचं सूप मांसाच्या पाण्यातलं नको, वेगळं करा, क्रीम कमी, मिरची थोडी. मग पर्समधून लसणाच्या चटणीची डबी काढून, मला न विचारता, माझ्या वारेनिकींवर भुरभुरली.

"अगं, वर नुसती शेपू आहे ही. कशी खातेस?"

मी मान खाली घालून खात राहिले. मनातून मात्र निवांत होते. आता मालकीणबाई यांना गप्प करतील, याची मला खात्री होती. त्यांचा तो दगडी चेहरा माझ्या बाजूचा आहे, असं मी धरून चालले होते.

मालकीणबाईंनी डबीतली चटणी चिमटीत घेऊन चाखली. मग खुर्ची ओढून बसल्याच. नातवंडांचे फोटो झाले, गुडघ्यांची ऑपरेशन्स झाली. काकूंच्या चहाबरोबर मेनूत नसलेला, घरचा चेरीचा मुरंबा आला. मला आजवर साखरही कुणी विचारली नव्हती.

"किती प्रेमळ बाई आहे गं," काकू म्हणाल्या. "आणि तू इतके दिवस येतेस, साधं नाव विचारलं नाहीस तिचं?"

मराठी न कळताही मालकीणबाईंनी मान डोलावली. निदान या बाईंना तरी माणसांची पारख असेल असं मला वाटलं होतं. तीही नव्हती.

पुढच्या शुक्रवारी माझ्या टेबलावर लसणाच्या चटणीची वाटी होती. मालकीणबाई माझ्याकडे बघून चक्क हसल्या.

"उद्या तुझी आंटी सगळा ग्रुप घेऊन येतेय," त्या म्हणाल्या. "तुझीही खुर्ची ठेवलीय. आंटी म्हणाली, तू एकटी असतेस."

मी वारेनिकी पार्सल मागितले आणि गाडीत बसून डबा उघडला. चटणी त्यांनी आधीच भुरभुरली होती.