पाच खात्यांना एकच अर्ज

सरकारी वाचनालयाच्या बाईंनी मला सरकार वाचायला शिकवलं. मी शाळा अर्धवट सोडलेला, मोर्च्यांत घसा फोडणारा. पहिल्याच दिवशी टेबलावर हात आपटला, तर म्हणाल्या, "मोडलंत तर ते कोणत्या खात्याचं, हे शोधायला तुम्हालाच बसवीन!"

मंत्री वर, हाताखाली सचिव, त्याखाली संचालनालय, तळाला जिल्ह्याच्या कचेऱ्या. कोणतं काम कुणाचं ते कार्यनियमावलीत, फेरबदल राजपत्रात, खर्च अर्थसंकल्पात. सगळं त्यांच्या कपाटांत. "आधी दार शोधायचं, मग अर्ज. तोही एकाच दारात," त्या बजावायच्या.

त्यांचा धाकटा भाऊ जुन्या तलावाच्या मातीच्या बांधाखाली राहायचा. तलाव भरत आला तसा बांध पाझरू लागला. भाऊ धापा टाकत वाचनालयात आला.

"ताई, पाच खात्यांना अर्ज दिला! एक तरी हलेलच."

"पाचही नावं एकाच कागदावर?"

"मग? प्रत्येकाला कळू दे, बाकीच्यांनाही सांगितलंय."

"तेवढंच कळलं असेल बघ," बाई पुटपुटल्या.

त्यांनी नियमावली उघडली. फेररचनेत असे लहान तलाव जलसंधारणाकडे गेले होते. दार सापडलं. मी आणि बाई तडक त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर, त्या खात्याच्या उपसचिवांकडे.

"अर्ज आलाय," साहेब गोड हसले. "इतर चार खात्यांचे अभिप्राय मागवलेत."

"आणि ते चौघं तुमच्या अभिप्रायाची वाट बघतायत. नवा अर्ज देते, फक्त तुमच्या नावाने."

"एकाच विषयाचे दोन अर्ज कसे घेणार? पाझरणारं पाणी नितळच आहे ना? मग वेळ आहे. गढूळ आलं, तर बांधाची माती सुटली समजायचं."

माझा हात खुर्ची उचलायला गेला होता. बाईंनी मनगट धरलं.

भरदुपारी वाचनालयाला कुलूप घालून त्या भावाच्या घरी निघाल्या, मागे मी. मागच्या भिंतीची ओल खिडकीपर्यंत चढली होती. बाई पोरांचे कपडे गाठोड्यात कोंबू लागल्या.

भाऊ उंबऱ्यात बसून हसला. "काय ताई, तूसुद्धा! पाच खाती कामाला लागलीत. सरकारी गाडी येईलच."

भावजयीने परसात पाझरलेल्या पाण्याचा तांब्या भरून आणला आणि बाईंसमोर धरला. आतलं पाणी चहासारखं दिसत होतं.

मी धाकट्या पोरीला कडेवर घेतलं. भाऊ अजून रस्त्याकडेच बघत होता.