परीक्षा विभागाची खिडकी

महाल भागातल्या आमच्या शाळेत मी भूगोल शिकवीत असताना सहामाहीच्या प्रश्नपत्रिका पुण्याच्या एका छापखान्याकडून तयार येऊ लागल्या. बाहेरचा कागद पालकांना पटत नसे. म्हणून मुख्याध्यापकांनी सायकल स्टँडलगतच्या खोलीला खिडकी पाडून घेतली आणि वर शाळेच्या नावाखाली ‘परीक्षा विभाग’ अशी पाटी लावली. गठ्ठे मागच्या दाराने आत जात आणि प्रत्येक कागद आमच्या शाळेचे नाव डोक्यावर घेऊन खिडकीतून बाहेर येई. दुसऱ्याचा कागद आपल्या नावाने देण्याला माझी हरकत नव्हती. देण्यापूर्वी तो कोणीतरी वाचावा, एवढेच माझे म्हणणे होते.

“छापील आहे,” मुख्याध्यापक म्हणाले. “छापील काय वाचायचे?”

त्या वर्षी सातवीला प्रश्न आला : आपल्या शहरातून वाहणारी नदी कोणती? सगळ्या वर्गाने लिहिले, नाग. सोबत आलेल्या उत्तरसूचीत होते, मुठा.

मी सर्वांना गुण दिले. पर्यवेक्षकांनी सूचीवर बोट ठेवून सर्वांचे कापले. बहुतेकांचे त्यावाचून काही अडले नाही. एका विणकराची मुलगी मात्र तेवढ्यानेच भूगोलात नापास झाली, आणि नापास मुलांची फी-माफी बंद होत असे.

माग थांबवून तिचे वडील आले.

“गुरुजी, पोरगी रोज त्याच नदीवरून शाळेत येऊन राहिली जी. काहून चुकलं तिचं? माफी गेली तं तिले मागावरच बसवा लागन.”

मी मुख्याध्यापकांकडे गेलो.

“आपल्या नावाच्या कागदात चूक आहे, हे आपणच कसे म्हणायचे?” ते म्हणाले. “छापखान्याला लिहा.”

मी लिहिले. उत्तर आले की, प्रश्नपत्रिकेवर आपल्याच शाळेचे नाव असल्यामुळे दुरुस्तीबाबत आपल्याच परीक्षा विभागाला विचारावे.

“मग विचारा,” मुख्याध्यापक म्हणाले. ते थट्टा करीत नव्हते.

“परीक्षा विभागात आहे तरी कोण?”

त्यांनी क्षणभर विचार केला. “सध्या शिपाई.”

शिपायाला नदी विचारण्यात अर्थ नव्हता. मी स्टेन्सिल घेतले, माथ्यावर शाळेचे नाव व ‘परीक्षा विभाग’ लिहिले, खाली ‘मुठा याऐवजी नाग असे वाचावे’ एवढे एक वाक्य लिहिले, प्रती काढल्या आणि मागच्या दाराने आत नेऊन दिल्या. शिपायाने त्या न वाचता खिडकीतून वाटल्या. पर्यवेक्षकांनी निमूटपणे सर्वांचे गुण परत दिले. मुलीची फी-माफी कायम राहिली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी ते पत्रक माझ्यापुढे धरले.

“पाहिलेत? तुम्ही उगाच चिडत होता. पाठवली की नाही छापखान्याने दुरुस्ती!”

सातवीची घंटा झाली होती. मी नकाशा उचलला आणि वर्गावर गेलो.