चंद्रीला कोणी सांगायचे?

अमडापूरहून फोन आला तेव्हा मी कचेरीत होतो. वहिनींच्या शेजारी राहणाऱ्या अनसूयाबाईंचा आवाज एरवी रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाणारा. त्या दिवशी तो फोनमध्येही नीट उमटत नव्हता. "भाऊजी, या तुम्ही. तुमची वहिनी उठून नाही राह्यली…" एवढेच त्या म्हणाल्या. सकाळी शेळीचे दूध काढून, चहा करून, वहिनी परसातल्या ओट्यावर जराशा टेकल्या होत्या. कपातला चहा अर्धा तसाच होता. मी बुलढाण्याहून पोहोचलो तेव्हा दारात माणसे जमलेली होती आणि मागे गोठ्यात शेळी ओरडत होती. त्या गर्दीत तिच्याकडे कोणाचे लक्ष असणार? माझेही नव्हते.

सुमनवहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. जानेफळहून लग्न होऊन आमच्या घरी आल्या तेव्हा मी शाळेत होतो. त्यांना मूलबाळ झाले नाही आणि भाऊ गेल्यानंतर त्या घरात एकट्या उरल्या. एकट्या हा माझा शब्द. त्यांनी तो स्वतःसाठी कधी वापरला नाही. घरामागे जेमतेम दोन खोल्यांएवढा परस. त्यात कुंपणावर वालाचा वेल, खाली वांगी, मिरच्या, अंबाडी, एका वाफ्यात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि न्हाणीचे पाणी जिथे जाई तिथे अळू. कोपऱ्यात शेवगा; त्याच्या सावलीत चंद्री नावाच्या शेळीचा गोठा आणि संध्याकाळी कोंबड्या झाकण्याचे डालगे. भाजी निवडताना वहिनींच्या पुढ्यात नेहमी दोन ढीग असत, एक घराचा आणि एक चंद्रीचा. चंद्रीचा ढीग बहुधा मोठाच असे. कोवळी पानेसुद्धा त्यात जातात, हे मी एकदा दाखवून दिले. तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तिले बी जीभ हाये ना, भाऊजी."

भाऊ गेल्यानंतर मी दर भेटीत त्यांना एकच आग्रह केला, की हे सारे विकून टाका आणि बुलढाण्याला आमच्याकडे या. त्या कधी वाद घालत नसत. "येईन ना. पण तुमच्याकडं बोलू कोणाशी? तुम्ही कचेरीत, जाऊबाई तिच्या कामात. इथं चंद्री निदान मान तरी हलवते." मी निघालो की पिशवी भरून भाजी देत आणि वर टोमणाही देत, "लवकर खाजा. तुमच्या फ्रीजात भाजी म्हातारी होते." मी हसत असे. शेळ्याकोंबड्यांनी या बाईंना बांधून ठेवले आहे, अशी माझी समजूत होती. त्यांची काळजी वाहतो म्हणून मनातून थोडे समाधानही वाटत असे… आज ते समाधान आठवले की संकोचल्यासारखे होते.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर मी आवराआवरीला लागलो. गेलेल्या माणसाचे वापरातले कपडे घरात ठेवू नयेत, गरजूंना द्यावेत, अशी आमच्याकडची रीत. एक पातळ वहिनींच्या अंगावरच गेले होते. राहिलेली सहा-सात मी स्वतः खुंटीवरून, दांडीवरून काढली. कोणाला देताना ती मळकी असू नयेत, वहिनींच्या नावाला कमीपणा येऊ नये, म्हणून पत्नीला सांगून साबणाच्या पाण्यात भिजवली, दोनदा धुवून घेतली आणि उन्हात वाळवून घड्या घातल्या. दुपार टळेपर्यंत ती वाटूनही झाली. एक काम नीट पार पडले, असे वाटून मी ओट्यावर बसलो.

त्याच संध्याकाळी अनसूयाबाई परसातून आल्या. हाताला खरचटले होते. त्या दोन दिवस चंद्रीचे दूध काढू पाहत होत्या, पण शेळी त्यांना कासेला हात लावू देत नव्हती. पाय बांधून पाहिले, तर लाथ झाडून ती बाजूला झाली. आता त्यांना नुसते पाहिले तरी बिथरत होती. तिची करडे मागेच विकली गेलेली, त्यामुळे प्यायलाही कोणी नव्हते. कास दगडासारखी झाली होती.

"तिचं एखादं पातळ द्या, भाऊजी," अनसूयाबाई म्हणाल्या. "अंगातून काढलेलं, न धुतलेलं. ते पांघरून कोणी बसलं तर वासानं थांबन ती. सुमन गावाले गेली का मी असंच करो."

मी घडी घातलेल्या पातळांची हकिगत सांगितली.

"सगळीच धुतली? काऊन पण?"

"देण्यासाठी… स्वच्छ असावीत म्हणून."

"बरं," त्या पुटपुटल्या, "एवढी घाई तं सुमनलेबी नव्हती जायाची."

दुसऱ्या सकाळी जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. दूध आजच निघाले पाहिजे, नाही तर कास कायमची जाईल, असे त्यांनी सांगितले. दारातून जाणारा एक व्यापारी आमचे बोलणे ऐकून थांबला. कास गेलेली शेळी कोण ठेवणार, आता दिली तर नेतो, असे म्हणाला. ती कशासाठी जाणार हे विचारण्याची गरज नव्हती. मी त्याला संध्याकाळी या म्हणालो. नाही म्हणणे माझ्या तोंडून निघाले नाही, हे इथे लिहिलेच पाहिजे.

तो गेल्यावर मी चंद्रीला पाला घालायला गोठ्यात गेलो. निदान पोटभर खाऊन जावी, इतकाच विचार होता. वरच्या आढ्याला अडकवलेला पाल्याचा भारा ओढताना त्याच्यामागून काहीतरी माझ्या खांद्यावर पडले. चुंबळ होती ती. डोक्यावर भारा घेताना खाली ठेवायची, जुन्या लुगड्याची पिळून केलेली. माझ्या आवराआवरीतून ती सुटली होती, कारण ती मला कपडा वाटलीच नसती. नाकाजवळ नेली आणि… खोबरेल तेल, घाम, शेवग्याचा पाला. वहिनी माझ्याशेजारी उभ्या असाव्यात, इतके ते जवळ होते.

अनसूयाबाईंना हाक मारली. त्या म्हणाल्या, "मले पाहून बिथरते ते. तुम्हीच बसा."

"मला येत नाही हो."

"मी कुडाआडून सांगते. बसा."

मी चुंबळीचे पीळ उलगडले, ते फडके डोक्यावरून पदरासारखे घेतले आणि चंद्रीच्या बाजूला उकिडवा बसलो. ती ताठ झाली. मग मान वळवून माझे डोके हुंगत राहिली.

"आता बोला तिच्याशी," कुडाआडून आवाज आला. "सुमन मुकी नाही बसे. गावात काय झालं ते सगळं सांगे तिले. कोणाकडं पाव्हणे आले, कोणाची सून रुसली…"

मला गावातले काहीच ठाऊक नव्हते. चार दिवस मी नातेवाइकांना फोन करून "वहिनींचे दुःखद निधन झाले" असे सांगत होतो. प्रत्येकाला तेच वाक्य, तोच स्वर. आता त्या शेळीला काय सांगावे ते सुचेना. हात कासेवर ठेवला. कास तापली होती. "चंद्रे," मी म्हणालो, "वहिनी गेली वं आपली…"

मी सड दाबला. पण चंद्री हलली नाही. पहिली धार भांड्याबाहेर गेली, दुसरी माझ्या बाहीवर. कुडाआड अनसूयाबाई एकाच वेळी रडत होत्या आणि ओरडत होत्या, "अंगठा आत नका घालू, भाऊजी! वरून दाबा, वरून!"

संध्याकाळी व्यापारी आला, त्याला मी परत पाठवले.

तेरवी झाल्यावर कोंबड्या आणि परस अनसूयाबाईंच्या हाती सोपवून मी चंद्रीला टेम्पोत घालून बुलढाण्याला आणले. ज्यांना आणण्यासाठी इतकी वर्षे बोलत राहिलो त्या आल्या नाहीत… त्यांच्या मागून त्यांची शेळी आली. घरामागच्या फरसबंद जागेतल्या चार फरश्या काढून पत्नीने सांबार पेरला आहे. शेजारचे गृहस्थ भिंतीवरून विचारतात, "काय हो, दुधाची पिशवी परवडेना का?" मी हसतो. सगळे सांगायचे तर ते थोडक्यात होत नाही.

ते फडके पुन्हा चुंबळीसारखे पिळून ठेवावे म्हणून बरेच दिवस प्रयत्न केला. पीळ बसत नाही, सुटतो. आता ते तसेच खुंटीवर असते. रोज सकाळी डोक्यावर घेतो, त्यामुळे त्याला माझाही घाम लागला असणार आणि वहिनींचा वास दिवसेंदिवस कमी होत असणार. चंद्री आता कोणाला ओळखून थांबते, मला कळत नाही. मी उकिडवा बसतो, ती मान वळवून हुंगते, आणि मी सांगू लागतो… की अनसूयाबाईंचा फोन आला होता, वालाला फुले आली आहेत, आणि समोरच्यांची सून काल माहेराहून परत आली.