माझ्या नावानं कोणी माफी मागायची नाही

त्या बाईला मी कधी पाहिलं नाही. समोर आली असती तर दोघींचंही काही बरं झालं नसतं. तिनं माझ्या कुरडयांना पाचातला एक तारा दिला होता. खाली लिहिलं होतं, 'तुकडे पाठवले. फसवणूक. घेऊ नका.' सोबत फोटो. अख्ख्या कुरडयांची पिशवी बाजूला सारलेली आणि मधोमध ताटलीत, चोरीचा माल मांडतात तसा, मी प्रेमानं घातलेला मूठभर चुरा.

आता चुऱ्याचं आधी सांगते, नाहीतर तुम्हीही त्या बाईच्याच बाजूचे व्हाल. आमच्याकडे कोणी कुरडया न्यायला आली की वरून मूठभर चुरा द्यायची रीत. डब्याच्या तळाशी जो मोडका राहतो तो. तो भिजवायचा, कांदा-तिखटात परतायचा, की भाजी होते. आमच्या घरची पोरं तर अख्खी कुरडई सोडून त्या भाजीवर तुटून पडायची. माझी आई चुरा द्यायला विसरली तर शेजारीण अर्ध्या रस्त्यातून परत यायची आणि म्हणायची, "काहून वं, रागावली का माह्यावर?" हे माझ्या हातात इतकं मुरलेलं, की नागपुरातल्या मनीषनगरच्या आमच्या गच्चीवरून पार्सलं पुण्या-मुंबईला जायला लागली तरी मी प्रत्येकात एक पुडी टाकत गेले. चिठ्ठी नाही, काही नाही. हा चुरा कशासाठी हे कोणाला सांगावं लागेल असं मनातच आलं नाही.

लागतं, बाप्पा. सांगावं लागतं.

धंदा म्हणून मी हे काढलंच नव्हतं. कोरोनाच्या उन्हाळ्यात सगळे घरात बसले होते आणि आमच्याकडे कुरडया जास्त झाल्या होत्या. मुलीनं फोनवर पेज काढून दिलं. मी गव्हाचा चीक घोटताना बडबडत असते, ते तिनं चित्रित करून टाकलं. लोकांना ते आवडलं. माझी धाकटी जाऊ दोन गल्ल्या सोडून राहते. ती पहिल्यापासून बरोबरीनं होती. गहू भिजवणं, वाटणं, गाळणं दोघींचं. चीक माझा, सोऱ्या तिचा. त्या गरम चिकाचा सोऱ्या दाबायला मनगट लागतं, ते माझ्यात राहिलं नाही. पैसे अर्धे अर्धे. त्यावरून आमचं कधी वाजलं नाही. वाजलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून.

पहिली दोन-तीन वर्षं मी उडत होते. मग कधी काय झालं ते सांगता येत नाही, पण फोन वाजला की माझ्या दाढा आवळल्या जायला लागल्या. आणि लोक काय काय विचारतात! 'काकू, काही कमी होईल का?' 'काकू, गव्हाच्या कुरडयांत गहू असतो का?' 'उन्हात वाळवता म्हणजे धूळ बसत असेल ना?' नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर उभं राहून दाखव, म्हणावं, धूळ बसते की तूच बसतेस ते कळेल. एकानं तर लिहिलं, 'व्हिडिओ छान आहे, फक्त मराठी जरा शुद्ध बोला.' त्याला मी जे उत्तर टाइप केलं होतं ते मुलीनं वेळेवर पाहिलं म्हणून गेलं नाही.

मुलगी म्हणाली, "आई, तुला बर्नआउट झालंय."

मी म्हटलं, "मले काही झालं नाई. मले राग येऊन राहिला."

पण ते फक्त रागाचंही नव्हतं. पहाटे चिकावरचं निवळलेलं पाणी ओतायला उठायचं तर अंग उचलत नव्हतं. चीक घोटताना मी बोलेनाशी झाले. व्हिडिओत जुनंच हसू फिरत राहिलं आणि इकडे मी कोणी 'काकू' म्हटलं की खेकसायचे. भाजीवाल्यावर खेकसले, लिफ्टमधल्या बाईवर खेकसले. आमचे हे निवृत्त, घरातच असतात. त्यांच्यावर तर रोजच. ते शांतपणे म्हणायचे, "इकून टाक वं. नाईतर मले इक. दोन्हीतलं एक कर."

अशातच तो आला. पुण्याकडच्या एका कंपनीचा माणूस, तिशीतला, बूट दाराबाहेर नीट जोडीनं काढणारा. माझं पेज, पेजचं नाव, व्हिडिओ आणि गिऱ्हाइकं, सगळं त्यांना विकत हवं होतं. नागपूरजवळ बुटीबोरीला शेड बघून ठेवलं होतं, यंत्रं येणार होती.

"काकू, तुम्ही फक्त आराम करायचा," तो म्हणाला.

आराम हा शब्द ऐकला आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला तो माणूस आवडला नव्हता, तरी आलं. मी चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी उभ्या उभ्याच ठरवून टाकलं, की द्यायचं. आजच हो म्हणायचं. मी जाऊला विचारलं नव्हतं. ती तिथेच पाटावर बसून मोठ्या डब्यातून चुरा वेगळा काढत होती. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर आल्यावर त्यानं मांडीवर लॅपटॉप उघडला. "तुम्हाला ज्याचा सर्वात जास्त त्रास होतो ना काकू, तेच आम्ही घेणार. मेसेजेस. हे बघा, नमुना म्हणून केलंय." त्यानं त्याच एक ताऱ्यावाल्या बाईची तक्रार घेतली होती आणि खाली उत्तर तयार होतं. मी चष्मा लावून वाचलं. 'ताई, तुटलेल्या कुरडया गेल्या याचं काकूंना खूप खूप वाईट वाटलं. काकू रात्रभर झोपल्या नाहीत. काकू हात जोडून माफी मागतात.' शेवटी माझाच हसरा फोटो.

"हे कोणं लिवलं?" मी विचारलं.

"आमच्या टीमनं."

"मी कवा नाई झोपली?"

तो हसला. "काकू, ते भाषेचं असतं. लोकांना बरं वाटतं."

"अन् मी माफी कायची मागून राहिली? तुटलेल्या कुठं गेल्या? चुरा दिला तिले. वरून दिला."

"बरोबर आहे तुमचं. पण तो चुरा आपण बंदच करणार आहोत ना. प्रॉब्लेमच संपला."

"अन् चेहरा?"

"चेहरा तर मुख्य आहे काकू. चेहऱ्याशिवाय आम्ही काय घेणार? कुरडया तर कोणीही करतं."

आतून डब्याचं झाकण आदळल्याचा आवाज आला. तो जरा दचकला. मी त्याला म्हटलं, "सांगते." तो म्हणाला, "घाई नाही, पण सीझनच्या आधी कळवा." बूट घातले आणि गेला.

जाऊ बाहेर आली. हाताला पांढरा चुरा तसाच.

"इकता म्हणे बाई?"

"पाहू."

"पाहू काय? चहा टाकता टाकता हो करून आल्या होत्या तुमी. मले काय पाठीले डोळे नाई?" (ही आमची जाऊ अशीच बोलते, समोर असताना पाठीचे डोळे काढते.) "अर्धं माहं आहे. तोंड तुमचं असन. हात कोणाचे आहेत त्या व्हिडिओत?"

"तुले काय होते बोलाले? फोन माह्याकडं वाजते. शिव्या मले बसतात. थकली मी."

"थकल्या नाई तुमी. भडकल्या. थकलेलं माणूस झोपते. तुमी त दिवसभर त्या बाईनं टाकलेला फोटो काढून पायता."

हे मला इतकं झोंबलं, की मी तिला जा म्हटलं. घरी जा. ती गेली. सोऱ्याही घेऊन गेली. तो तिच्या माहेरचा आहे, पितळेचा, आणि आमच्याकडे दुसरा नाही. आमच्या यांनी पेपरातून तोंड काढलं आणि म्हणाले, "झालं. आता आपली कंपनी बिना इकताच बंद."

मी त्यांच्याशीही बोलले नाही. बरेच दिवस असे गेले. खरं म्हणजे हो म्हणायला मला कोणी अडवलं नव्हतं. पेज माझ्या नावावर होतं. रोज वाटायचं, आज फोन करते आणि मोकळी होते, आणि रोज ते 'हात जोडून' डोळ्यांसमोर यायचं. कोण्या एका टीममधला पोरगा माझं तोंड लावून जगभर हात जोडत फिरणार. ज्या गोष्टीत माझं चुकलं नाही त्यातही, आणि मी मेल्यावरही. शिव्या परवडल्या. शिव्या निदान मला होत्या.

शेवटी मीच जाऊकडे गेले. समेटाला नव्हे, भांडण पूर्ण करायला. तिनं पाणी दिलं आणि काही विचारायच्या आधीच हात पुढे केला.

"फोन द्या."

"कायले?"

"तुमाले नोको आहे ना थो? मले द्या. चीक तुमी घोटा. वाजला की मी पाहीन."

"तुले टाइप करता येत नाई."

"बोलता येते ना."

तिनं माझ्यासमोर त्या एक ताऱ्यावाल्या बाईला आवाजी निरोप पाठवला. फोन तोंडाजवळ धरून, मैदानात हाक मारतात तसा. "अवं बाई, थो चुरा आहे. फुकट दिला तुले. भिजव, कांदा टाक, तिखट टाक, भाजी कर. फोटो काढाले नाई दिला. नसन खात त सांग, पुढच्या वेळी नाई टाकत. पैसे वापस पाह्यजेन त कुरडया पाठव वापस, चुरा राहू दे." आणि पाठवून दिला. मी "अवं थांब" म्हणेपर्यंत गेला होता.

उत्तर आलं. त्या बाईनं आम्हाला ब्लॉक केलं. तारा एकाचा एकच राहिला. आम्ही दोघी खूप हसलो असं लिहिलं असतं तर छान वाटलं असतं, पण मी हसले नाही. मी जाऊला म्हटलं, "गिऱ्हाईक घालवलं तुनं." ती म्हणाली, "गेलीच होती थे. आता तुमच्या डोक्यातून गेली का सांगा." मी उठून चपला घातल्या. घरी येताना मात्र पर्स हलकी लागली. फोन तिच्याकडेच राहिला होता.

आता खरं काय झालं तेही सांगते. ऑर्डरी कमी झाल्या. जाऊ बऱ्याच लोकांना उत्तरच देत नाही, आणि देते त्यांतले काही परत येत नाहीत. मुलगी म्हणते असं कोणी पेज चालवत नाही. चुऱ्याच्या पुडीवर आता 'भाजीसाठी' असं लिहावं लागतं, त्याचा मला आजही राग येतो. पहाटे अंग अजून जडच असतं. पण घोटताना तोंडातून एखादा शब्द निघायला लागलाय, बहुतेक वेळा तो वाईट असतो.

सीझनच्या तोंडावर त्या कंपनीवाल्यानं घरच्या फोनवर फोन केला.

"काय ठरलं मग, काकू?"

"नाई."

"किंमत कमी वाटली का? बोलू आपण."

"किमतीचं नाई."

"मग कारण तर सांगा. तुम्ही इतक्या थकला होता."

"अजूनही आहे."

"मग?"

मी सांगणार होते, त्या माफीचं, चेहऱ्याचं, सगळं. पण पातेल्याला बुडबुडे यायला लागले होते. चीक त्या वेळी सोडला तर बुडाला लागतो, आणि जाऊ सोऱ्या घेऊन गच्चीच्या जिन्यातून ओरडत होती, "बाई, आणता का चीक का मी घरी जाऊ?"

"ठेवते," मी त्याला म्हटलं, आणि दोन्ही हातांनी पातेल्यातलं घोटणं धरलं.